क्लबात काही चुकतंय असं दिसलं, तर बोलायचं कुठे?

मोठ्या कंपनीतला गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्याची नोकरी जाते, हे आपण वाचलेलं असतं. आळीतल्या कबड्डी मंडळाबद्दल, सोसायटीमागच्या बॅडमिंटन क्लबाबद्दल किंवा तालुक्याच्या जलतरण तलावावरच्या कोचिंगबद्दल बोलणाऱ्याचं काय जातं? पगार थांबत नाही. पण रविवारच्या सामन्यात पोरगी राखीव खेळाडूंत बसते. जिल्हा निवड चाचणीला नावं द्यायची शेवटची तारीख नेमकी त्याच घराला कळवायची राहून जाते. सरावाहून येताना जे काका तिला आपल्या स्कूटरवर घेत, त्यांना आता रोज दुसरीकडे जायचं असतं. आणि याबद्दल तक्रार करायची सोय नाही, कारण कागदावर काहीच घडलेलं नसतं.

त्यात आपल्याकडचे बहुतेक क्लब पदरमोड करणाऱ्या माणसांनी उभे केलेत. सर वर्षानुवर्षं फुकट शिकवतात, खजिनदाराच्या टेम्पोतून मॅट जातात, सचिवांच्या घरी बाहेरगावच्या संघाचा स्वयंपाक होतो. अशा माणसाला ‘पावती कुठाय?’ असं विचारणं कृतघ्नपणाचं वाटतं. गोची अशी की जो जास्त राबतो त्याच्याच हातात कार्यालयाच्या किल्ल्या, पावती पुस्तक, संघनिवड आणि पोरांची ने-आण असं सगळं हळूहळू जमा होतं. माणूस सरळ असेल तर काही बिघडत नाही. नसेल, तर त्याला अडवणारं कुणी उरलेलं नसतं.

कायद्याचं म्हणाल तर आधी वाईट बातमी सांगतो. गैरप्रकार उघड करणाऱ्या जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली मंजूर केला, राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली, पण तो लागू झालेला नाही. झाला असता तरी तो सरकारी सेवकांच्या कारभारापुरता आहे. तुमच्या-माझ्या क्लबाला त्याचा उपयोग नसता. म्हणजे हातात धरायला एक सरसकट कायदा नाही. संरक्षण आहे, पण निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेलं. त्यातलं आपल्या कामाचं कुठलं, हे प्रश्न कशाबद्दलचा आहे त्यावर ठरतं. मुलांची सुरक्षितता, महिलांचा छळ, पैसा आणि खोटे दाखले या चारही गोष्टींचे रस्ते वेगळे आहेत. एकाच्या रस्त्याने दुसरं प्रकरण नेलं की बोलणारा अडकतो आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो सुटतो.

मुलाचा प्रश्न असेल तर क्लबाची परवानगी लागत नाही

अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तसं घडेल अशी भीती वाटली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ प्रत्येकाला बांधून घेतं: स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवा. ही ऐच्छिक गोष्ट नाही. कळवलं नाही तर कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दडवली तर कैद एक वर्षापर्यंत, शिवाय दंड. मुलांना मात्र यातून वगळलं आहे. न सांगितल्याबद्दल मुलावर कारवाई होत नाही.

क्लबात प्रत्यक्षात काय होतं ते बघा. कुणीतरी पालक अध्यक्षांच्या कानावर घालतो. संध्याकाळी चार-पाच जण बसतात. ‘आधी आपण आपल्यात चौकशी करू.’ ‘मुलीचं नाव खराब होईल हो.’ ‘सरांना समज देऊ, राजीनामा घेऊ, विषय संपवू.’ बोलणारी माणसं वाईट नसतात, त्यांना खरंच वाटतं की आपण सगळ्यांची अब्रू वाचवतोय. कायद्याच्या नजरेत मात्र त्या खोलीतल्या प्रत्येकाला आता माहिती आहे आणि कळवण्याची जबाबदारी प्रत्येकावर आली आहे. आणि राजीनामा दिलेले सर दोन महिन्यांनी पलीकडच्या उपनगरात दुसऱ्या क्लबात शिट्टी गळ्यात अडकवून उभे असतात, तिथल्या पालकांना काहीच ठाऊक नसतं.

हे फक्त पुस्तकातलं कलम आहे असं समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात मुलींवर अत्याचार झाले, त्या प्रकरणात माहिती असूनही पोलिसांना न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरची कारवाई रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं स्पष्ट केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण पेटलं तेव्हाही माहिती न कळवल्याबद्दल संस्थाचालकांवर गुन्हा नोंदला गेला. शाळेला जे लागू, तेच मैदानाला.

‘पण माझ्याकडे पुरावा नाही’ ही सगळ्यांत मोठी अडचण वाटते. पुरावा गोळा करणं हे तुमचं काम नाहीच, ते पोलिसांचं. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कलम १९ मध्येच लिहिलं आहे. तुम्ही दिलेल्या माहितीला नोंद क्रमांक मिळतो, ती लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवावी लागते. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि तोही गणवेशात न येता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे सगळं पालकांना आधी माहीत असलं तर निम्मी धास्ती कमी होते. थेट ठाण्यात जायला पाय उचलत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे; तातडीचं असेल तर ११२.

मूल स्वतः येऊन काही सांगू लागलं तर फार विचारू नका. ‘नक्की हात कुठे लावला? किती वेळा? तू काय केलंस?’ असे प्रश्न काकूने, मग वडिलांनी, मग अध्यक्षांनी विचारले की मूल गोंधळतं आणि पुढे जबाबात तीच गोष्ट तीन तऱ्हांनी येते. ऐकून घ्या. तू सांगितलंस ते बरं केलंस, एवढं म्हणा. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. नंतर एकटे बसून मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख-वेळ घाला. मोबाइलवरचे मेसेज पुसू नका. आणि त्या सरांना समोरासमोर जाब विचारायला चार बापे घेऊन जाऊ नका. राग समजू शकतो, पण त्याने समोरचा सावध होतो, पुरावे पुसतो, आणि मारहाणीचा गुन्हा तुमच्यावर लागतो.

याहून अवघड भाग वेगळाच आहे. गुन्हा म्हणावा असं काही घडलेलं नाही, पण पोटात गोळा येतोय. सर रात्री अकराला तेरा वर्षांच्या मुलीला ‘झोपलीस का?’ असा मेसेज करतात. एकाच मुलाला रोज आपल्या गाडीतून सोडतात. स्नायू आखडले म्हणून बंद खोलीत मालिश. सांगलीच्या स्पर्धेला गेल्यावर खोल्या कमी पडल्या म्हणून दोन मुलं सरांच्याच खोलीत. यातलं प्रत्येक निरागस असू शकतं आणि म्हणूनच कुणी बोलत नाही, कारण बोललं की तो आरोप होतो. यावर तोडगा क्लबाने आधीच ठरवलेल्या साध्या नियमांत आहे: मुलांना व्यक्तिगत मेसेज नाही, सूचना पालकांच्या गटावर, दौऱ्यावर मोठ्यांची खोली वेगळी आणि मुलींच्या संघाबरोबर एक महिला, उपचार उघड्या दाराने, दुसऱ्या मोठ्या माणसासमोर. नियम भिंतीवर लागलेला असला की पालकाला कुणाच्या हेतूबद्दल बोलावं लागत नाही. ‘सर, मेसेज गटावर टाकायचं ठरलंय ना?’ एवढंच. चांगल्या प्रशिक्षकाला त्याचा राग येत नाही. ज्याला फार येतो त्याच्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं, असं माझं मत आहे.

मारहाणीबद्दलही एक शब्द. ‘आम्ही सरांचा मार खाऊनच घडलो’ असं अभिमानाने सांगणारी एक पिढी अजून समित्यांवर आहे. तिच्या माहितीसाठी: ताब्यातल्या मुलाला मारणं, विनाकारण शारीरिक वा मानसिक त्रास होईल असं वागवणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उन्हात उभं करून पाणी न देणं हे शिस्तीत मोडत नाही.

महिलांच्या छळाची तक्रार

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त कचेऱ्यांसाठी आहे असा सार्वत्रिक समज आहे. त्याच्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेचं ठिकाण हे सगळं नाव घेऊन समाविष्ट आहे. तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असंही नाही. खेळाडू, प्रशिक्षक, स्वच्छता करणाऱ्या मावशी, कुणीही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाबद्दलच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतो. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. तक्रारदाराचं नाव बाहेर फोडणाऱ्याला दंड आहे.

छोट्या क्लबांना समिती नसते याचं आश्चर्य वाटायला नको. २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले, त्यानंतर मे महिन्यात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नोटिसा काढल्या. निमित्त होतं एका वृत्ताचं: देशातल्या तीस राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी पंधरांमध्ये कायद्याबरहुकूम अशी समितीच नव्हती. ऑलिम्पिक पदकं मिळवलेल्या खेळाडूंना रस्त्यावर बसावं लागतं, तर व्यायामशाळेतल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने कुणाकडे जायचं? तिच्यासाठी स्थानिक समिती हाच बरा रस्ता आहे, कारण तिथे बसलेल्यांपैकी कुणी सरांच्या मुंजीला जेवलेलं नसतं.

पैशाचा प्रश्न आणि पोच

महाराष्ट्रातली बहुतेक नोंदणीकृत मंडळं आणि क्लब १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि त्याचबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असतात. म्हणजे हिशेब हा खजिनदाराच्या घरचा मामला उरत नाही. ३१ मार्चला वर्ष बंद करायचं, सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्यायचं आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यायचा. अनियमित, बेकायदेशीर किंवा अयोग्य खर्च दिसला तर लेखापरीक्षकाने तो अहवालात वेगळा नमूद करावा, असं कायदा म्हणतो. वार्षिक सभेत वाटलेला जमाखर्चाचा कागद घडी घालून खिशात टाकण्याआधी हे शेरे वाचावेत. कुणी वाचत नाही.

लक्ष ठेवायच्या जागा ठरलेल्या आहेत. फी संस्थेच्या खात्यात न जाता थेट सरांच्या जीपेवर. टी-शर्टांचे पैसे घेतले, पावती नाही. प्रायोजकाचा बॅनर मैदानावर झळकतोय, जमेच्या बाजूला त्याची ओळ नाही. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत दहा वर्षांपूर्वी वारलेले गृहस्थ अजून विश्वस्त, कारण बदल झाल्यावर नव्वद दिवसांत जो बदल अहवाल द्यायचा तो दिलाच नाही. यातला बराचसा भाग अफरातफर नसते, आळस असतो. म्हणून सुरुवात आरोपाने करायची नाही, प्रश्नाने करायची.

एका पालकाने असं लिहिलं समजा: ‘खजिनदार गेली तीन वर्षं क्लब लुटत आहेत, हे सर्वांना माहीत आहे.’ यात एकही तपासता येण्याजोगी गोष्ट नाही आणि बदनामीच्या दाव्याला मात्र भरपूर मसाला आहे. तेच असं लिहिलं तर? ‘फेब्रुवारीतल्या आंतरक्लब स्पर्धेसाठी प्रत्येक खेळाडूकडून ५०० रुपये घेण्यात आले. माझ्या मुलाचे पैसे मी ऑनलाइन भरले. व्यवहाराची प्रत सोबत जोडली आहे, त्यात स्वीकारणाऱ्याचं नाव संस्थेचं नाही. पावती मिळालेली नाही. ३१ मार्चच्या जमाखर्चात या स्पर्धेची जमा दिसत नाही. ही रक्कम कुठे नोंदवली आहे, हे लेखी कळावे.’ कुणावर चोरीचा ठपका नाही, पण उत्तर दिल्याशिवाय गत्यंतरही नाही. आणि खरोखरच ती रक्कम ‘इतर जमा’ या ओळीत गेली असेल, तर सगळ्यांची लाज राखून विषय मिटतो.

हा अर्ज सचिवांना द्या. प्रश्न सचिवांबद्दलच असेल तर अध्यक्षांना. दोन प्रती काढा आणि एकीवर सही, तारीख, शिक्का घ्या. सरकारी कचेरीत आपण पोच घेतल्याशिवाय हलत नाही आणि क्लबात मात्र ‘अहो, घरचंच आहे’ म्हणून सोडून देतो. पुढे सगळं या पोचेवर ठरतं. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. उत्तर आलं नाही तर सर्वसाधारण सभेत तोच प्रश्न वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहायला लावा. इतिवृत्तात जे नाही ते सभेत झालंच नाही, असं पुढे सगळे म्हणतात.

त्याच्या पुढचा टप्पा धर्मादाय आयुक्तांचा. लेखी तक्रारीवरून ते चौकशी लावू शकतात, निर्देश देऊ शकतात, गंभीर प्रकरणात विश्वस्ताला निलंबित करू शकतात किंवा पदावरून दूरही करू शकतात. इथे एक खाच आहे, आणि ती बहुतेकांना ऐन वेळी कळते. कायदा ‘हितसंबंधी व्यक्ती’ची तक्रार म्हणतो आणि नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत त्याचा अर्थ सभासद असा आहे. दीडशे मुलं फी भरून खेळत असतात, पण घटनेप्रमाणे सभासद जेमतेम पंधरा, ते सगळे संस्थापकांच्या बैठकीतले. पालक कागदोपत्री परकाच. तेव्हा फी भरता त्या वर्षीच सभासदत्वाचा अर्ज भरा. ते जमलं नसेल तर सहीला एखादा जुना सभासद शोधा. जुन्या खेळाडूंपैकी कुणीतरी बहुधा तयार होतो.

माहितीचा अधिकार क्लबाला थेट लागू होईलच असं नाही, पण धर्मादाय कार्यालय आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय ही दोन्ही सरकारी आहेत. मंडळाने व्यायामशाळा विकास किंवा क्रीडांगण विकास योजनेतून अनुदान घेतलं असेल तर त्याचा प्रस्ताव, बिलं, उपयोगिता प्रमाणपत्र असं सगळं त्या फाइलीत असतं. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. मल्टीजिमसाठी अनुदान आलं आणि व्यायामशाळेत एक बाक नि चार डंबेल्स आहेत, हे सिद्ध करायला यापेक्षा शांत मार्ग नाही.

दाखले आणि वयचोरी

राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. त्यामुळे स्पर्धेच्या प्रमाणपत्राला किंमत आली, आणि न खेळलेल्या स्पर्धांची बोगस प्रमाणपत्रंही आली. वय लपवण्याविरुद्ध केंद्राची संहिता २०१० पासून आहे. असं काही दिसलं तर जिल्हा संघटना आणि जिल्हा क्रीडा अधिकारी या दोघांना एकाच वेळी लिहा. फक्त संघटनेला लिहिलं तर कागद ज्याने सही केली त्याच्याच टेबलावर जाऊ शकतो. अर्जात पोराच्या नावापेक्षा सही कुणाची, शिक्का कुणाचा, स्पर्धा कुठल्या तारखेला आणि कुठल्या मैदानावर दाखवली आहे यावर भर द्या. चौदा वर्षांच्या पोराने स्वतःचा जन्मदाखला बदललेला नसतो.

व्हॉट्सॲप गटावर का नको

राग आला की बोट आधी गटाकडे जातं. तिथे दोनशे लोक आहेत, लगेच पाठिंब्याचे अंगठे येतात, बरं वाटतं. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. त्याच कलमाच्या अपवादांत असंही आहे की ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे अशा माणसाकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. म्हणजे वाक्य तेच, पण अध्यक्षांना, समितीला, धर्मादाय कार्यालयाला किंवा पोलिसांना लिहिलं तर तुमच्या पाठीशी कायदा उभा आहे, आणि गटावर टाकलं तर सिद्ध करत बसायची पाळी तुमच्यावर. मुलाच्या प्रकरणात तर गटावर नाव, फोटो किंवा ओळख पटेल असं काहीही टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

निनावी पत्राचा मोह होतो, त्यावरही थोडं सांगतो. पन्नास घरांच्या क्लबात निनावी काही राहत नाही. पत्रात ‘गुरुवारी सहाच्या बॅचला’ असं लिहिलं की लिहिणारा कळतो, आणि तसं काही न लिहावं तर पत्र इतकं मोघम होतं की कुणी हात लावत नाही. त्यापेक्षा नावानिशी लिहावं, नाव गुप्त ठेवण्याची विनंती करावी, आणि शक्य तर तीन-चार पालकांनी मिळून सही करावी. एका मुलाला बाकावर बसवणं सोपं असतं, चार जणांना बसवलं तर संघच उभा राहत नाही.

अर्ज देण्यापूर्वी दोन कामं उरकून घ्या. मुलाची मूळ प्रमाणपत्रं, ओळखपत्र, जन्मदाखला क्लबाच्या कपाटात असतील तर ‘शाळेत दाखवायचीत’ म्हणून घरी आणा. क्लब बदलायची वेळ आली की ना-हरकत पत्रावर अडवणूक होते, निदान कागद तरी आपल्याकडे हवेत. दुसरं, गेल्या काही महिन्यांतली हजेरी, सामन्यांतले गुण, लागलेल्या संघयाद्यांचे फोटो एकत्र ठेवा. आणि अर्जाच्या शेवटी एक ओळ घाला: ‘या अर्जामुळे माझ्या पाल्याच्या सरावावर किंवा निवडीवर परिणाम होऊ नये, याची नोंद घ्यावी.’ या ओळीत कायद्याची ताकद नाही. पण दोन आठवड्यांनी सलग तीन सामने पोरगं बाहेर बसलं, तर तारखा आपोआप शेजारी-शेजारी येऊन बसतात, आणि जिल्हा संघटनेपुढे मांडायला काहीतरी हाती लागतं.

समितीवर असाल तर

इंग्लंडमध्ये अँडी वुडवर्ड या माजी फुटबॉलपटूने नोव्हेंबर २०१६ मध्ये लहानपणी प्रशिक्षकाने केलेल्या अत्याचाराबद्दल जाहीर वाच्यता केली आणि त्यामागोमाग अनेक जण पुढे आले. मार्च २०२१ च्या चौकशी अहवालाने तिथल्या फुटबॉल संघटनेवर ठपका ठेवला की मुलांच्या संरक्षणाची पावलं तिने फार उशिरा उचलली. आज तिथे मुलांचे संघ असलेल्या साध्या गावठी क्लबालाही एक कल्याण अधिकारी नेमावा लागतो, आणि त्याचं नाव सगळ्या पालकांना माहीत असतं. आपल्याकडे २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आली आहे, पण ती राष्ट्रीय संस्थांच्या पातळीवरची. तिथून झिरपत ती आपल्या मंडळाच्या पत्र्याच्या शेडपर्यंत कधी पोहोचेल याची वाट बघण्यात अर्थ नाही. करायचं ते एका बैठकीत होण्यासारखं आहे.

दोन माणसं ठरवा, त्यातली एक महिला. दोघांचाही संघनिवडीशी संबंध नको आणि प्रशिक्षकांशी नातं नको. गावात हे अवघड असतं, तरी शेजारच्या शाळेतल्या निवृत्त बाई किंवा वाड्यावरच्या डॉक्टर मिळू शकतात. त्यांची नावं, फोन आणि १०९८ हा क्रमांक कपडे बदलायच्या खोलीबाहेर लावा, कार्यालयाच्या आत नको. कार्यालयात मुलं येत नाहीत. तक्रार अध्यक्षांबद्दलच असेल तर ती कुणाकडे जाईल हे आधीच ठरावात लिहा, कारण प्रकरण उद्भवल्यावर ते लिहायला कुणाचा हात धजत नाही. तक्रारींची एक वही ठेवा, क्रमांक घालून, आणि अर्जदाराला पंधरा दिवसांत काहीतरी लेखी उत्तर द्या, मग ते ‘अजून बघतोय’ असलं तरी चालेल. गप्प बसलेल्या समितीमुळेच माणसं गटावर जातात.

ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्यालाही काही हक्क आहेत, हे विसरून चालत नाही. चौकशी चालू असेपर्यंत सरांना मुलांपासून दूर ठेवलं तर ती शिक्षा नाही, दोषी ठरवणंही नाही, हे पालकांना त्याच दिवशी सांगा. पॉक्सोसारख्या प्रकरणात चौकशी पोलिसांची. समितीने साक्षीदार तपासत बसू नये. बाकी बाबतींत त्यांचं म्हणणं लेखी घ्यावं, आणि काही निष्पन्न झालं नाही तर तेवढ्याच ठळकपणे तेही कळवावं.

शेवटी, पालकांच्या मनात येणारा आणि कुणी मोठ्याने न विचारणारा प्रश्न: माझं म्हणणं सिद्ध झालं नाही तर? २०१३ च्या कायद्याचं कलम १४ सांगतं की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई करण्याचं कारण नाही; दुष्ट हेतूने खोटी तक्रार केली असं चौकशीत ठरलं तरच. पॉक्सोच्या कलम २२ मध्येही शिक्षा आहे ती बदनाम करण्याच्या, धमकावण्याच्या किंवा पैसे उकळण्याच्या हेतूने दिलेल्या खोट्या माहितीला, आणि मुलाने दिलेल्या माहितीला तर तीही नाही. म्हणून लिहिताना जे डोळ्यांनी पाहिलं ते ‘पाहिलं’ म्हणून लिहा, जे मुलाने सांगितलं ते ‘त्याने सांगितलं’ म्हणून, आणि जे दुसऱ्या पालकाकडून कळलं ते त्या पालकाला विचारून, त्याच्या नावानिशी. तीन वेगळे परिच्छेद करा, खाली तारीख घाला, सही करा आणि प्रत काढून ठेवा.